मा. भारत आर्ट्स साहेब यांस

सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना सहादूभाऊंनी बागेच्या फाटकावरची नोटीस मोठ्यानं वाचायला घेतली, तेव्हा भारत पेंटर चहाचा ग्लास धरून सगळ्यांच्या मागे उभा होता आणि मनातून जाम खूश होता. नोटिशीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो झाडं बघत होता. बागेतल्या त्रेसष्ट झाडांवर नंबर टाकायचं काम त्यानं काल संध्याकाळीच संपवलं होतं. पिवळा ऑइल पेंट, मराठी आकडे, आणि प्रत्येक आकड्याला उजवीकडून काळी शेड. ऊन तिरपं पडलं की आकडा खोडातून उठून बाहेर येतोय असं वाटायचं. फ्लेक्सच्या जमान्यात असं काम करणारा माणूस नाशकात शोधून सापडायचा नाही, असं भारतचं मत होतं. आणि ते मत त्यानं कधी स्वतःजवळ ठेवलं नव्हतं.

"'मेट्रो मार्गिकेस अडथळा ठरणारे वृक्ष क्रमांक एक ते त्रेसष्ट,'" सहादूभाऊंनी चष्मा वर ढकलला, "'तोडण्याचे प्रस्तावित असून, कोणाच्या हरकती असल्यास त्यांनी सात दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी सादर कराव्यात.'"

मॉर्निंग वॉकचा सगळा ग्रुप झाडांवरच्या आकड्यांकडे बघायला लागला. मग एकेक मान मागे वळली.

"भारत," सहादूभाऊ म्हणाले. ओझरच्या कारखान्यात चौतीस वर्षं विमानांचे बोल्ट आवळलेला माणूस, त्यामुळे आवाजही आवळलेलाच. "हे नंबर तू टाकलेस?"

"मी टाकले, पण मला काय माहीत..."

"कापायच्या झाडांना शेड देतोस?"

"ते साई म्हणाला, झाडांची गणती आहे म्हणून."

"बोकडाला हळद लावताना पण कोणी सांगत नाही, गणती आहे का काय आहे ते."

साई म्हणजे ठेकेदार कंपनीचा सुपरवायझर. डोक्यावर पिवळं हेल्मेट, वागायला गोड. चार दिवसांपूर्वी तो डबा आणि यादी घेऊन भारतच्या दुकानात आला होता. "काका, बागेतल्या झाडांना नंबर टाकायचेत. तुमच्यासारखा हात कोणाचा नाही," म्हणाला. संपलं. भारतला एवढंच ऐकायचं होतं. पुढचं काही त्यानं विचारलंच नाही.

ही बाग काही वरून आलेली नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी इथं कचऱ्याचा ढीग आणि डुकरं होती. कॉलनीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी घमेली उचलून ती जागा साफ केली, आणि ज्याच्या घरी काही चांगलं घडलं त्यानं एक झाड लावलं. भारतला दिशा झाली तेव्हा त्यानं कांचन लावला होता. आता दिशा पुण्यात नोकरी करते आणि कांचन दुमजली झालाय. परवा त्याच कांचनाच्या खोडावर त्यानं '२९' टाकला होता. घरचं झाड म्हणून शेड दुहेरी दिली होती.

चहा तसाच ठेवून तो दुकानात गेला, टर्पेंटाइनची बाटली आणि जुनं बनियन घेतलं आणि थेट कांचनापाशी आला. अर्धा दोन पुसला असेल नसेल, मागून साईचा आवाज.

"काका, नंबर पुसला तर सरकारी कामात अडथळा होतो. केस होते."

"मग टाकला त्याचं काय होतं?"

"त्याचं काही होत नाही."

"म्हणजे घाण केली तर चालते, साफ केली तर केस?"

साईनं खिशातून फोन काढला आणि अर्धवट पुसलेल्या दोनाचा फोटो घेतला. भारतनं बनियन खांद्यावर टाकलं. घरी आला तर मोहिनी दारातच उभी होती. तिला सगळं कळलं होतं. कॉलनीत बातमी वॉकपेक्षा जोरात चालते.

"अहो, लेकीच्या झाडाला नंबर टाकलात?"

"मला माहीत नव्हतं."

"आणि खाली नाव पण टाकलंत. फोन नंबरासकट."

भारत खाटेवर बसला. टाकलं होतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट झाडांवर, आकड्याखाली बारीक लाल अक्षरात: भारत आर्ट्स, मो. अमुक अमुक. तीस वर्षांची सवय. नाव नसेल तर तो बोर्ड नाही, नुसती भिंत, असं त्याचे गुरू म्हणायचे. शोकसभेच्या बोर्डाखाली, शौचालयाच्या बाणाखाली, एकदा तर 'येथे जाहिरात लावू नये' याच्या खालीसुद्धा त्यानं नाव टाकलं होतं. हात थांबतच नाही.

"आता अख्ख्या नाशकाला कळेल झाडं कोणी मारली ते," मोहिनी म्हणाली. "पत्त्यासकट."

पहिला फोन दुपारी आला.

"साहेब, मी समोरच्या अपार्टमेंटमधनं बोलतोय. ही झाडं कापायला आमची हरकत आहे."

"मी साहेब नाही. पेंटर आहे."

"सगळे असंच म्हणतात. नंबर झाडावर तुमचाच आहे ना?"

"नंबर माझाच आहे, पण..."

"मग झालं तर."

दुसरा फोन तसाच, तिसरा त्याहून रागातला. भानगड अशी होती, की नोटिशीवर कुठल्याही अधिकाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फोन नव्हता. नुसतं 'सक्षम प्राधिकारी'. लोक बागेत यायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि सगळ्या बागेत त्यांना एकच फोन नंबर दिसायचा. तोही ठळक, सुवाच्य आणि त्रेसष्ट वेळा. सोळाव्या फोनला भारतनं डोळे मिटले, 'मी पेंटर' हे दोन शब्द गिळले आणि म्हणाला, "बोला."

बस. इथून गाडी सुटली. एक गोष्ट मात्र खरी. आपण साहेब आहोत असं भारत एकदाही म्हणाला नाही. त्यानं फक्त नाही म्हणायचं बंद केलं.

"हरकत लेखी पाहिजे," तो सांगायला लागला. "फोनवर चालत नाही. सकाळी सात ते नऊ, फाटकाजवळच्या जांभळाखाली आणून द्या. सही पाहिजे, पत्ता पाहिजे, आणि कुठल्या नंबरच्या झाडाबद्दल ते पाहिजे."

जांभळाखाली वत्सलाबाई भाजी घेऊन बसायच्या. मखमलाबादहून येणाऱ्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, समोर पोतं, बाजूला रिकामं क्रेट. बागेत वॉक करून दमलेला माणूस पालेभाजी घेतल्याशिवाय घरी जात नाही, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळलं होतं.

"वत्सलाबाई, क्रेट पाहिजे होतं तुमचं. लोक अर्ज आणतील, ते ठेवायला."

"कसले अर्ज?"

"झाडं तोडू नका असे."

"मंग दोन घ्या की. आन् माझाबी लिवा एक. हे जांभूळ गेलं तं मी काय मेट्रोच्या सावलीत बसू? तिची सावली पयल्या मजल्यावर पडंल, मी खाली भाजून निघंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाखाली रांग लागली. भारत स्टुलावर बसला. पेन्सिल कानावर, हातात बारीक ब्रश. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात त्यानं अनुक्रमांक टाकला, शेडसकट. लोकांना कागद भलताच सरकारी वाटला. कोणाच्या सांगण्यावरून कोण जाणे, पण प्रत्येकानं वर मायना घातला: 'मा. भारत आर्ट्स साहेब यांस'. भारतनं तो वाचला आणि गालातल्या गालात हसून कागद क्रेटमध्ये ठेवला. वत्सलाबाईंनी वरून किलोचं वजन ठेवलं.

सहादूभाऊ रांगेत नव्हते. ते बाजूला हाताची घडी घालून उभे होते.

"हे काय चाललंय?"

"आवक-जावक."

"हे बेकायदेशीर आहे, भारत."

"कशात बसतं सांगा. मी कुठं म्हणलो मी अधिकारी? लोक देतात, मी घेतो. नाही घेतलं तर टाकतील कुठं? 'सक्षम प्राधिकारी' म्हणून पेटी तरी दाखवा मला कुठं लावलीय ती."

सहादूभाऊंनी फाटकापर्यंत जाऊन नोटीस परत एकदा खालपासून वरपर्यंत वाचली. परत आले आणि शांतपणे रांगेत उभे राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला फाटकासमोर एक ट्रक उभा राहिला. मागे दोरखंड, करवती आणि सहा माणसं. सात दिवस संपायचे होते, पण ठेकेदाराला तेवढा दम नव्हता. भारत वीस पावलांवर बाकावर बसून डबा धुत होता. ट्रकमधून उतरलेल्या मुकादमानं पहिल्या झाडाकडे बघितलं, खिशातून फोन काढला आणि खोडावरचा नंबर बघून बटणं दाबली. भारतच्या खिशात वाजलं.

"हॅलो, साहेब? गेणू बोली राह्यनू, सटाण्याथून. गाडी लई उनूत. पयले कोनतं झाड तोडानं शे?"

मोहिनीचं माहेर बागलाणातलं, त्यामुळे भारतला अहिराणी यायची. शिव्या जास्त, पण कामापुरतं बाकीचंही. तो बाकावरून उठून कडुनिंबाच्या खोडाआड गेला.

"लेखी ऑर्डर शे का?"

"नही. ठेकेदारनी फोनवर सांगं."

"मंग साहेबनं लेखी सांगाशिवाय पानलेबी हात लावानं नही."

"साहेब कोन शे?"

"तू फोन कोनले लाया?"

पलीकडे गेणूनं खोडावरचा नंबर परत एकदा बघितला. मान हलवली. "बरं शे, साहेब," म्हणाला आणि फोन ठेवला.

ठेकेदाराचा फोन लागेना आणि एप्रिलचं ऊन तर विचारूच नका, म्हणून सहाही माणसं झाड क्रमांक एकच्या सावलीत आडवी झाली. सहादूभाऊंच्या ग्रुपनं त्यांना मठ्ठा पाजला. वत्सलाबाईंनी काकड्या दिल्या. चार वाजता गेणू उठला, वर फांद्यांकडे बघत म्हणाला, "सावली मातर झकास शे हां इनी," आणि ट्रक परत गेला. जाताना त्यानंही अर्ज केला. नाव गेणू, पत्ता सटाणा, व्यवसाय झाडतोड, हरकत: आहे.

आता देवरामअण्णांकडे यावं लागेल. बागेच्या पलीकडच्या भिंतीला लागून अण्णांचं लॉन्स होतं. लग्नासाठीचं, तीन हजार माणसांचं, दोन्ही बाजूंनी बाहेरून आणलेले उंच पाम. अण्णा पुढच्या निवडणुकीला उभे राहणार होते, म्हणून चौकात त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स लागला होता: 'मेट्रो येणार, अण्णांनी आणली'. अण्णांनी मेट्रो आणली नव्हती. ती येणार हे पण त्यांना पेपरात वाचूनच कळलं होतं. पण फ्लेक्सवर हे मावत नाही.

अण्णांचा फोन पाचव्या दिवशी आला.

"नमस्कार साहेब, देवराम बोलतोय. लॉन्सवाला. सहज फोन केला. लाईन बागेतनंच आहे ना?"

"आत्तापर्यंत बागेतनंच आहे, अण्णा."

"आत्तापर्यंत म्हणजे?"

"म्हणजे त्रेसष्टपर्यंत नंबर टाकून झालेत. पुढचे कोणी सांगितले नाहीत अजून."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

"पुढचे म्हणजे... बागेच्या पुढं काय आहे?"

"तुमचं कंपाउंड."

"अहो पण तिथं कुठं झाडं आहेत?"

"पाम आहेत की. पाम झाडच असतं ना?"

अण्णांनी फोन ठेवला. भारतनं त्या दिवशी एवढंच केलं. हातात टेप घेऊन तो लॉन्सच्या फाटकासमोर उभा राहिला, पामांकडे बघत पेन्सिलीनं वहीत एक रेघ ओढली, आणि वॉचमननं "काय साहेब?" विचारल्यावर "काही नाही, उंच आहेत," असं म्हणून घरी जेवायला गेला. संध्याकाळी सहाच्या आत चौकातला फ्लेक्स बदलला. हात तेच, जोडलेलेच. वर मजकूर मात्र असा: 'बाग आमच्या श्वासाची, अण्णांच्या विश्वासाची'. सातव्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः दोनशे अर्ज घेऊन जांभळाखाली हजर. रांगेत नाही, थेट पुढं.

"रांगेत या अण्णा," वत्सलाबाई म्हणाल्या. "हितं व्हीआयपी मेथीलाबी नाय."

सुनावणी त्याच संध्याकाळी, ऐनवेळी कळवून, प्रकल्प कार्यालयाच्या हॉलमध्ये ठेवली होती. अधिकारी नवीन होत्या, सृष्टी मॅडम. चष्मा, समोर पाण्याची बाटली आणि 'आटपा लवकर' असा चेहरा. एका बाजूला साई आणि त्याची कंपनी. दुसऱ्या बाजूला कॉलनी, त्यांच्या पुढं अण्णा, आणि सगळ्यांच्या मागे भारत आणि वत्सलाबाई, दोघांच्या मध्ये क्रेट. वजनासकट.

"आमच्या कार्यालयाकडे एकही हरकत आलेली नाही," मॅडम फाईल बघत म्हणाल्या. "त्यामुळे..."

"चारशे बारा आहेत," सहादूभाऊ म्हणाले. क्रेट टेबलावर गेलं. मॅडमनी वरचा कागद उचलला, मग त्याखालचा, मग मधूनच एक.

"हे भारत आर्ट्स साहेब कोण?"

हॉलमध्ये दोनशे माना मागे वळल्या. भारत उठला. शर्टाला पिवळा डाग होता, तो त्यानं हातानं झाकला.

"मी, मॅडम. पेंटर."

"तुम्ही अधिकारी असल्याचं सांगून अर्ज घेतलेत?"

"नाही मॅडम. एकालाही नाही. विचारा."

"काय पेंटर?" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "मी स्वतः फोनवर बोललोय यांच्याशी. साहेबच आहेत हे."

"अण्णा, मी म्हणलो होतो का साहेब आहे म्हणून?"

"म्हणाला नाहीत, पण... पहिल्या रिंगला उचललात."

"तवाच वळखायला पायजे होतं," वत्सलाबाई मागून म्हणाल्या. "साहेब असता तं उचलला असता व्हय?"

हॉल हसला. मॅडमच्या तोंडावरही काहीतरी हललं, पण त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि ते आत ढकललं.

"अर्ज चुकीच्या माणसाकडे आलेत," कंपनीचा मोठा इंजिनीअर म्हणाला. "ते ग्राह्य धरता येणार नाहीत, मॅडम. सात दिवस आज संपले."

कॉलनी गार पडली. एवढ्या उचापती करून शेवटी मुदत गेलीच. भारतच्या डोळ्यांपुढं कांचन आला आणि त्याच्या खोडावरची दुहेरी शेड. पहिल्यांदाच त्याला चेष्टा सुचेना. तो पुढं आला आणि टेबलाजवळ उभा राहिला.

"मॅडम, एक विचारू? बरोबर माणूस कोण?"

"म्हणजे?"

"अर्ज माझ्याकडे आले, ते चूक. मग बरोबर कोणाकडे द्यायचे होते? नोटिशीत नाव नाही, फोन नाही, पत्ता नाही. मी सातवी पास माणूस. कुत्र्यापासून सावध राहायचा बोर्ड रंगवला तरी खाली नाव टाकतो, उद्या कुत्रं चावलं तर लोकांनी कोणाला धरायचं म्हणून. तुम्ही त्रेसष्ट झाडं मारायला निघालात आणि खाली नावच नाही?"

मॅडमनी फाईलमधून नोटीस काढली. वाचली. उलटी करून मागची बाजूही बघितली, जणू नाव तिकडे असेल. मग इंजिनीअरकडे वळल्या.

"सक्षम प्राधिकारी, म्हणजे कोण?"

"तुम्हीच, मॅडम."

"मग माझं नाव कुठाय?"

"तेव्हा तुम्ही जॉईन झाला नव्हतात."

"आणि हे काय? यातला एक अर्ज व्यवसाय झाडतोड असलेल्या माणसाचा आहे. चौथ्या दिवशीचा. मुदत सात दिवसांची होती ना?"

इंजिनीअरनं साईकडे बघितलं. साईनं हेल्मेटकडे.

मॅडमनी पेन उघडलं. "या लोकांनी अर्ज चुकीच्या माणसाला दिले, कारण बरोबर माणसाला तुम्ही लपवून ठेवलंत. नोटीस रद्द. जुने नंबर पुसा. प्रत्येक झाडाची जात, घेर, वय मोजा आणि झाडावर नव्यानं, हातानं, सुवाच्य अक्षरात लिहा. खिळा नको, पत्रा नको. सगळी त्रेसष्ट पूर्ण झाल्याचा दाखला माझ्यासमोर आला की मग नवीन नोटीस, आणि तिथून सात दिवस. ती पूर्ण होईपर्यंत बागेत करवत दिसली तर तुमच्यावर केस."

बाहेर आल्यावर अण्णांनी फोटो काढून घेतले. कॉलनीनं भारतला खांद्यावर घ्यायचा विचार केला, पण वजन बघून तो चहावर भागवला.

साई पुढचे आठ दिवस गावभर पेंटर शोधत फिरला. तीन दुकानांत फ्लेक्स मिळाला, एका ठिकाणी स्टिकर. ब्रश धरणारा माणूस नाशकात एकच निघाला. शेवटी तो भारतच्या दुकानाच्या पायरीशी उभा राहिला.

"काका, राग सोडा."

"सोडला. लेखी ऑर्डर आण. सहीशिक्क्याची."

ऑर्डर आली. भारतनं ती सहादूभाऊंकडून वाचून घेतली, बोल्ट तपासावा तशी, दोनदा. 'काम सुवाच्य व समाधानकारक असावे,' असं होतं. कधीपर्यंत, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मॅडमकडून लिहायचं राहिलं होतं की त्यांनी लिहायचं टाळलं होतं, हे कोणालाच कळलं नाही.

काम सुरू झालं. वैशाखात खोडं तापलेली, रंग फुगतो. ज्येष्ठ-आषाढात साली ओल्या, रंग धरत नाही. श्रावणात भारतचे सोमवार. दरम्यान कोणत्या झाडाची जात कोणती यावर सहादूभाऊंच्या ग्रुपमध्ये एकमत होईना आणि जात ठरल्याशिवाय अक्षर टाकायचं नाही, असं ऑर्डरमध्येच होतं. भाद्रपदात एका सकाळी साई हेल्मेट काखेत मारून आला तेव्हा भारत शिडीवर होता. आंब्याच्या खोडावर 'घेर' मधल्या घ ला शेड देत होता, बारीक, जीव लावून.

"काका, वर मीटिंगमध्ये मला रोज विचारतात. बाग होत नसेल तर लाईन रस्त्याच्या मधून घेऊ, म्हणतात."

"असं म्हणतात?"

"हो."

"मग त्यांना म्हणावं, आपली काही हरकत नाही."

साईनं वहीचं पान उलटलं. "किती झाले आत्तापर्यंत?"

"नऊ."

"गेल्या महिन्यात अकरा होते ना?"

"होते," भारत ब्रश पुसत म्हणाला. "दोन तडकले. झाडं वाढतायत, साई. मी तरी काय करू?"